रुमालाखालचा भाव

आजोबांच्या काळी सांगलीत हळदीचा सौदा
रुमालाखाली व्हायचा.
हातात हात, बोटांची भाषा,
वर कापड, आणि चेहऱ्यावर काहीच नाही.
मला ते न शिकवता आलं.
मे महिन्यातही दोन बनियन, वर जाड शर्ट,
खांदे पुढे ओढलेले,
छातीची जागा रिकामी दिसावी म्हणून.

बोट फिरवलं की सांगतो मी :
ही राजापुरी, ही कणी,
या पोत्यात ओल आहे, परत न्या.
पंचवीस वर्षं मार्केट यार्डात प्रत लावतोय
दुसऱ्यांच्या मालाची.

पी.टी.च्या तासाला मला ताप यायचा.
हरिपूरला संगमावर पोरं उड्या मारायची,
मी त्यांचे कपडे राखायचो.
एक नाव ठेवलं होतं मला,
ते इथे लिहीत नाही.
लग्न झालं. सुनंदाने विचारलं नाही,
मी सांगितलं नाही,
दिवा आधी मालवायचा, एवढंच ठरलं
न ठरवता.

यंदा पर्युषणात भाचा अभिषेकाला गेला नाही.
पार्श्व, तेरा वर्षांचा.
धोतर नेसून, दुपट्टा गळ्यापर्यंत गुंडाळून
देवळाच्या पायरीवर बसून राहिला.
बहीण म्हणाली, आळशी झालाय मेला.
मी त्याचे खांदे पाहिले.
ओळखीचे होते.

मिरजेला नेलं त्याला. घरी सांगितलं, चष्म्यासाठी.
इनामदार डॉक्टरबाईंनी आधी तळवे चोळून गरम केले,
मग दोन बोटांत धरून पाहिलं.
दुखतं? शर्ट घासला की, तो म्हणाला.
आत रबरासारखी चकती, रुपयाएवढी.
त्यांनी केसपेपरच्या मागे छात्या काढल्या,
शाळेत डोंगर काढतात तशा :
नुसता उंचवटा ती पहिली पायरी,
ओघळून खाली आलेली ती तिसरी,
मधल्या दुसरीत पुन्हा दोन,
कातडी घट्ट असलेली आणि सैल पडलेली.
तुझी पहिली, म्हणाल्या.
या वयात निम्म्या पोरांना होतं,
दीड-दोन वर्षांत आपलं आपण बसतं.
औषध एकच, वाट बघणं.

निम्म्या? पार्श्व म्हणाला.
वर्गात आम्ही बासष्ट आहोत.
मग बाकीचे तीस कुठे असतात?
शर्टात, डॉक्टरबाई म्हणाल्या.

त्याला पाणी प्यायला बाहेर पाठवलं.
माझं पहिलं बटण निघायला बत्तीस वर्षं लागली,
पुढची चार भराभर निघाली.
पित्ताच्या गोळ्या घेता? कावीळ? थायरॉइड?
रक्त तपासू, मग बोलू.
पण पायरी दुसरी. त्यातली दुसरी.
कुणीतरी प्रत लावली,
आणि मला, खरं सांगतो, बरं वाटलं.
मी समजत होतो
माझ्यासाठी पोतंच शिवलेलं नाही.

गोळ्यांचे दिवस गेले, त्या म्हणाल्या,
गाठ आता जुनी, चिवट झाली आहे.
चरबी ओढून घ्यायची, बारीक छेदातून चकती काढायची,
जादा कातडीचं तेव्हा बघू,
मग काही आठवडे अंगाला घट्ट जाकीट.
जाकिटाची सवय आहे, मी म्हणालो.
त्या हसल्या नाहीत.
आणि नाही केलं तर?
रिपोर्ट चांगले आले तर नाही केलं तरी चालतं.
जड काय होतंय, ते तुम्ही ठरवा.

स्टँडजवळ भडंग घेतलं.
आईने चष्म्याचं विचारलं तर?
सांग, नंबर अगदी कमी आहे,
थांबायला सांगितलंय.
तो हसला, तोंडात शेंगदाणे.
खर्चाचा कागद मी सौद्याच्या वहीत ठेवला,
हळदीच्या भावाच्या पानात.
अजून तिथेच आहे.

एसटीत बसल्यावर त्याने माझ्याकडे नीट पाहिलं.
मामा, तुझी बटणं चुकलीत.
एक वर, एक खाली.

असू दे, म्हटलं.
सांगली येईपर्यंत
तशीच राहू दिली.