चाखलेला नंदी

तान्ह्या पोळ्याला आठ दिवस.
अंगणवाडीच्या ओट्यावर डोमा सुतार
सागाचे नंदी मांडून बसलेला.
मी एकेकाचं शिंग दातात धरून पाहते.
"बाई, बैल खाऊन रायल्या का?"
मी नाही रे, भाविका खाईल.
दीड वर्षाची आहे,
तिला अजून सगळं चवीनंच कळते.

त्यानं चकचकीत रंगाचा डबा मागं सारला,
थोडा वेळ गप्प बसला,
मग हळद मागितली.

धांड्याची गाडी देखणी होती,
पण बाभळीचे काटे टोचून जोडलेली.
काटे उपसले, तुरीच्या काड्या खोवल्या.
चिंचोके मोठ्या पोरांच्या डब्यात
(मागच्या साली एक नाकात फसला,
आर्वीपर्यंत फटफटीवर नेलं होतं).
आणि गुंजा...
लालबुंद, काळ्या डोळ्याच्या.
सोनाराच्या तराजूत शोभतात, पोरांच्या मुठीत नाही.
माझ्याच मुठीतून सुटेनात.

तान्ह्या पोळ्याला ओळ लागली, तोरणाखाली.
भाविकाच्या नंदीचं एक चाक निघालं,
वाटीएवढं.
डोमा हातोडी घेऊन धावला.
तिनं दिलं नाही.
सांजेपर्यंत चाकच घरंगळवत होती
उतारावरून, पुन्हा उतारावरून.

नंदी तीन चाकांवर उभा,
एक शिंग ओलं.