उरलेली स्टिकरं

स्क्रँटनच्या वरच्या अंगाला, फायर स्टेशनचं दार
आम्ही आठला लावलं.
दोनशे सतरा मतं.
मागच्या प्रायमरीला एकशे नव्वदही नव्हती,
वांडा ह्रुस्का म्हणाली
आणि थर्मासमधली गार कॉफी
टोपणात ओतून प्यायली, जिंकल्यासारखी.

शितावरून भाताची परीक्षा, मी म्हणणार होते.
पण तिच्याकडे भात तसा शिजत नाही,
शिवाय ही शितं मला तोंडपाठ:
काठी टेकत येणारे ओरावेक,
एकमेकींशी न बोलणाऱ्या दोघी बहिणी,
शाळेच्या बोर्डावर खवळलेला दंतवैद्य.
हे बर्फातही येतात.
नोव्हेंबरचं यांना काय विचारायचं?

स्टिकरांचं अर्धं रीळ उरलं, पर्समध्ये टाकलं.

परतताना पेट्रोल भरलं.
काउंटरवरचा पोरगा, छातीवर नाव डेव्हन,
माझ्या कोटाकडे बघून म्हणाला,
“आज काही होतं का?”

यादीतलं त्याचं पान
सकाळपासून कितीदा उलटलं असेल मी,
सहीची जागा कोरी ठेवून.

सुटे पैसे माझ्या हातावर ठेवत म्हणाला,
जपून जा,
पुढच्या वळणावर हरणं असतात,
कुठून येतात कळत नाही
आणि एकदम रस्त्यावर.