मारलं

खानापूरच्या कोर्टात मी दुभाष्या होतो, बावीस वर्षं.
रात्री खून करायचो.
शंभर पानी, पिवळ्या कागदावर, टोपणनावानं.
बसस्टँडच्या पेपरवाल्याकडं
खाऱ्या शेंगांच्या शेजारी टांगलेले असायचे.
तिसऱ्या पानावर प्रेत, शहाण्णवाव्यावर कबुली,
आणि खुनी असा बोलायचा
जसं त्याचं आजोळ सदाशिव पेठेत.

एकदाच एका बाईला आमच्यासारखं बोलू दिलं:
“मी आलो, मी बसलो, मी रडलो.”
पुण्याहून प्रुफं आली. तीन लाल गोळे,
समासात प्रश्न: पात्र स्त्री आहे ना?
मी आलोचं आले केलं.
ती बाई तिथंच मेली,
खून तिचा पुढं एक्केचाळिसाव्या पानावर होता.

मग यल्लूबाई उभी राहिली साक्षीला.
कौलाच्या कारखान्यातली, नखांत लाल माती.
“मी भट्टीकडनं आलो. नागोजी पडलेला.
भरमूनं मारलं बगा. कोन्याच्या कौलानं.”

जज्जसाहेब धारवाडकडचे. माझ्याकडं बघितलं.
कन्नडात हे एका शब्दात बसत नाही.
होडेद म्हणजे हाणलं.
कोंद म्हणजे जीव घेतला.
मधे काही नाही.
मधे मी.

तिला विचारलं, मारलं म्हणजे काय?
मी परमुलखातला असल्यासारखी बघाय लागली.
“मारलं म्हणजे मारलं की ओ.
एका माणसाला किती परकारनं मारत्यात?”

टायपिस्टची बोटं हवेत थांबलेली.
हवालदार बसलिंगप्पानं जबाबात
आधीच काय लिहिलंय ते मला ठाऊक होतं.
नागोजी तिसऱ्या दिवशी गेला, सिव्हिलमध्ये,
पाणी मागत, हेही ठाऊक होतं.
माझं पुस्तक असतं तर इथं प्रकरण संपवून
खाली तीन फुल्या मारल्या असत्या.
म्हणालो: होडेद.

सात वर्षं. हिंडलगा.
कौल लागला, बाहेर कुणीतरी म्हणालं.
आमच्याकडं कौल हा एकच शब्द,
छपरावर घालायचा, देवाकडं मागायचा.
तिसरा उपयोग भरमूनं दाखवला.

त्याच दिवाळीला मी ती गोष्ट लिहून काढली.
भट्टी, लाल माती, सगळं. नावं तेवढी बदलली.
तिच्यात मात्र कोंद.
नुसतं हाणून शंभर पानं भरत नाहीत.
बरी खपली. दुसरी आवृत्ती निघाली.

परवा तो दारात.
कानाजवळ पिकलेला, हातात तेच पुस्तक,
मुखपृष्ठ गेलेलं.
माझी नजर आधी त्याच्या दुसऱ्या हाताकडं गेली.
त्यात पिशवी होती, पिशवीत करदंट.
बसला. तांब्याभर पाणी प्याला.

“साहेब, त्या दिवशी तुम्ही काय सांगितलासा ओ त्यास्नी?
मला तवा कन्नड येत न्हवतं.
आता येतंय. आत शिकलो.”
पुस्तक टेबलावर ठेवलं,
शेवटच्या पानातलं बोट न काढता.
“त्यात दोन शब्द हायत.
माझा कंचा?”

मी उत्तर दिलं.
मराठीत.