वरचे तीनशे ग्रॅम

निपाणीत, तंबाखूच्या वखारीमागच्या बोळात
दस्तगीरचाचाचं रद्दीचं दुकान.
आत शिरलं की आधी शिंक, मग अंधार,
मग हळूहळू दिसायला लागायच्या
पेपरांच्या चळती, उत्तरपत्रिका, कुणाच्या तरी लग्नाच्या पत्रिका,
आणि त्या दिवशी, वजनकाट्यामागं,
सुतळीनं आवळलेला एक गठ्ठा.
कडेनं नुसते रंग दिसत होते. निळा. एक हळदीसारखा पिवळा.
मी आठवीत. मुठीतले पैसे
विड्या बांधायच्या दोऱ्याचे होते.

"कानडी कॉमिक्स हायत पोरी," चाचा म्हणाला,
"तुला काय कळायचं त्यातलं?"
म्हटलं, "चित्रं हायत की."
त्यानं काटा लावला.
दोन किलोचे पैसे घेतले
आणि वरचे तीनशे ग्रॅम
वेगळी सुतळी बांधून तसेच टाकले पिशवीत.
"ने. कोण मोजतंय."

आईला काय थाप मारली ते आठवत नाही.
मार आठवतो,
आणि मार बसताना पिशवी कुठं होती तेही:
तेंदूपानांच्या पोत्याखाली.
अजून त्या पानांना आमच्या घराचा वास येतो.

अक्षरं येत नव्हती.
विडीचं बंडल वरून बघावं
तशी गोल गोल, एकमेकीला चिकटून.
म्हणून फुग्यांत कोण काय बोलतंय
ते मीच ठरवायची,
आणि दुपारी विड्या वळणाऱ्या बायकांना सांगायची.
हात त्यांचे सुपात, कान माझ्याकडं.

एका गोष्टीत छत्रीवाली म्हातारी होती,
गावोगाव चोर धरत हिंडणारी.
शेवटी पुलाच्या मधोमध दोघं समोरासमोर,
खाली फुगलेली नदी,
छत्रीचं टोक त्याच्या छातीवर,
आणि म्हातारीच्या तोंडाशी केवढा तरी फुगा!
मी तिथं ओरडायची,
"मुडद्या, टाक ती पेटी, न्हाईतर वेदगंगेत ढकलीन!"
सुंदराक्का म्हणायची, "परत सांग गं. मुडद्यापासनं."
वीस वर्षं म्हातारी तेवढंच बोलली.

मग चिकोडीला बँकेत लागले.
कानडी शिकले, आधी पावतीपुरती,
मग भांडण्यापुरती,
मग मागच्या रांगेतला विनोद कळण्याइतकी.
परवा माळ्यावरून पिशवी निघाली.
पुलावरचं पान उघडलं. वाचता आलं.
ती विचारत होती,
"ऊटा आतेनु?"

जेवलास का.

एवढंच. छत्री छातीवर, नदी खाली,
आणि जेवलास का.
पुढच्या चौकटीत चोर रडतो.
मला वाटायचं, भिऊन.

रविवारी निपाणीला गेले, मुद्दाम सांगायला.
सुंदराक्काला आता ऐकू कमी येतं.
कानाशी तोंड नेऊन ओरडले, "जेवलास का!"
ती म्हणाली, "झालं की मघाशीच. तू?"
पुढचं सांगायचं राहूनच गेलं.
ताटात भाकरी आली होती.

वरचे तीनशे ग्रॅम मी कधी उघडलेच नव्हते.
आधी, पैसे दिले नव्हते म्हणून.
मग, संपतील म्हणून.
काल रात्री चाचाची गाठ सोडली,
कापली नाही, नखानं सोडली.
सहा अंक. कागद पिवळा पडलाय, शाई नाही.
पहिल्याच पानावर सायकलवरून एक माणूस चाललाय,
मागं कॅरियरला पिंजरा,
पिंजऱ्यावर फडकं.
मान वळवून तो सरळ माझ्याकडं बघतोय
आणि काहीतरी बोलतोय.

त्या फुग्यावर मी अंगठा ठेवलाय.
थांब जरा, बाबा.
आधी मी.