पाचशे दहा ग्रॅम

यार्क्को बेकरीत काम करतो.
आकडा ऐकून त्यानं तळवा उघडला, जरा वरखाली केला.
म्हणाला, राईच्या पावाचा गोळा आम्ही एवढाच तोडतो,
भाजल्यावर घटतो.
मग हात खिशात घातला.

तेविसावा आठवडा. तिची कातडी अजून कातडी नव्हती,
दुधावर नुकती धरू लागलेली साय.
फलकावर आईचं आडनाव, आणि पुढं: मुलगी.

चौथ्या रात्री डोक्याच्या सोनोग्राफीत
दोन्ही बाजूंना रक्त.
पडद्यावर रक्त पांढरं दिसतं,
हे मी विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगते.

खोलीत मी, नर्स हिल्ला, ते दोघं,
कुणीतरी मुद्दाम मधोमध ठेवलेला टिशूंचा खोका.
ओउलूतला जानेवारी. खाली पार्किंगमध्ये बर्फ ढकलणारं यंत्र
मागं येताना टीं टीं करत होतं.
मी पाठ असलेलं सगळं म्हटलं.
चालणं, बघणं, गिळणं. शंभरातल्या इतक्या.
आणि शेवटी: निर्णय आपण मिळून घेऊ.

‘मिळून,’ तूली म्हणाली.
टाक्यांवर उशी दाबून बसली होती.
‘थांबा म्हटलं, तर मी तिला मारलं.
चालू ठेवा म्हटलं, तर रोज सुया टोचायला मीच लावलं.
तुम्ही ठरवा, डॉक्टर.
मला तुमचा राग करता आला पाहिजे.
यार्क्कोचा नको. माझा नको.’

याला नीतीच्या तासाला काय म्हणतात, ठाऊक आहे मला.
त्याविरुद्ध तुर्कूला भाषण केलंय मी,
टाळ्याही पडल्या होत्या.

ओस्मो आठवला. असंच रक्त, अकरा वर्षांपूर्वी.
मी थांबू या म्हणाले होते, त्याची आई नाही म्हणाली.
दर डिसेंबरला त्याचा फोटो येतो,
मागं फक्त उंची, सेंटीमीटरमध्ये.
आभार नाहीत, तक्रार नाही.
मी तो ड्रॉवरमध्ये पालथा ठेवते.

‘थांबायचं,’ मी म्हणाले.
‘हे मी सांगते आहे.’

नळी काढण्याआधी हिल्लानं गजर बंद केले.
मग तूलीच्या छातीवर, चाळीस मिनिटं.
दिवस भरलेच नव्हते तिचे.
भरले.

यार्क्कोनं तेव्हा नाव सांगितलं.
कागदावर मी ते लिहिलं, इथे लिहीत नाही.

निघताना तूलीनं माझ्याकडे पाहिलं नाही.
तेवढं आमचं मिळून ठरलं होतं.