वेट

मिरजेत स्टेशन रोडच्या दवाखान्यात
दोन पाट्या मीच रंगवल्या, एका दुपारी.
वजनकाट्याच्या वर, निळ्या ऑइलपेंटात: वेट.
बाकांच्या वर, लाल: प्लीज वेट.
डब्यात रंग उरला होता, म्हणून लालला सावली दिली.
सावलीचे पैसे धरले नाहीत.

आठवड्याने मॅनेजरचा फोन.
भूपाल पेंटर, काय लिहून ठेवलंय?
जतकडची एक म्हातारी सकाळपासून काट्यावर उभी आहे.
उतर म्हटलं तर म्हणते,
"नातवानं वाचून दावलं की. वेट.
वेट म्हंजी थांबा. थांबलिया."
काटा एकोणचाळीसवर,
आणि ती, चपला हातात धरून.

ब्रश घेऊन गेलो. पण पुसायचं कुठलं?
कानाला आलं तसं लिहिलं होतं मी,
आणि कानाला दोन्ही एकच.

रात्री त्रिशलानं वहीचं मागचं पान उघडलं.
नववीत आहे, इंग्लिश मीडियमला.
"पप्पा, थांबायच्या वेटमध्ये चार अक्षरं.
वजनाच्या वेटमध्ये सहा.
मधे जी आणि एच असतात. ते बोलत नाहीत."
बोलत नाहीत तर ठेवलेत कशाला?
"सर म्हणतात, पाठ करायचं."
माझा दर अक्षराला बारा रुपये.
गप्प बसणाऱ्या दोघांचे चोवीस
कुठला मॅनेजर देणार?

मग तिला चेवच आला.
फ्लॉवर म्हणजे फूल, आणि फ्लॉवर म्हणजे पीठ.
चुलीपाशी पद्मल म्हणाली, कुठल्या गिरणीत दळतात गं?
सन म्हणजे सूर्य, सन म्हणजे मुलगा.
आणि मुलगी?
"डॉटर." त्रिशला थांबली. बोटानं अक्षरं मोजली.
"अय्या, हिच्यातपण जी-एच."
पद्मल काही बोलली नाही. भाकरी उलटली.

नंतर म्हणाली, इंग्रजीला कशाला हसता.
जरा म्हणजे थोडं.
आणि महाराज प्रवचनात सांगतात ती जरा म्हणजे म्हातारपण.
लिहायला एकच. दाताला लावली की थोडं,
टाळूला लावली की केस पांढरे.
तुम्ही आपलं मराठीत लिहा.

म्हणून काट्यावर आता वजन आहे,
आणि बाकांवर: जरा थांबा.
सावली तीच ठेवली, जुन्या अक्षरांची.
नीट पाहिलं तर खाली प्लीजचा प अजून दिसतो.

हे सगळं मागच्या उन्हाळ्यातलं.
हळदीचे सौदे जोरात होते, सांगलीत दोन गोदामांची नावं रंगवत होतो,
तेव्हा पद्मलला पहिल्यांदा चक्कर आली.

डॉक्टर तरुण आहेत, भरभर बोलतात.
पेशंट वीक आहे, दोन वीक वेट करू,
मग वेट बघू.
मी मान हलवली.
बाहेर येऊन एकेक शब्द सोडवत बसलो,
मांजानं गुंतवलेल्या चिंचेच्या फांदीसारखा.
कुठला आठवडा, कुठला अशक्तपणा.
त्रिशला शाळेत होती. विचारणार कुणाला?

बेचाळीस. मग एक्केचाळीस.
मग साडेएकोणचाळीस.
काट्यावर चढताना ती चपला हातात धरते,
सांगितलं कुणी नव्हतं.

आज नंबर सत्तावीस. आत अकरावा चाललाय.
बाकावर एका कडेला सांगोल्याचं कुटुंब,
दुसऱ्या कडेला प्लास्टर घातलेला पोरगा,
मधे आम्ही दोघं.
बोलत नाही.

पाटी माझीच, डोक्यावर.
मी ज टाळूला लावून वाचून बघितला:
जरा, थांबा.
स्वल्पविराम मी घातलेला नाही.
घालायला हवा होता की काय,
बारा रुपयांचा प्रश्न नव्हता.

"काय पुटपुटताय?" पद्मल म्हणाली.
काही नाही. ब च्या कान्याखाली रंग ओघळलाय.
तिनं मान वर करून बघितलं.
"तेव्हाच सांगणार होते," म्हणाली.