तेरावा

शताब्दीची पुस्तिका मी लिहायची असं ठरलं,
कारण बैठकीला मी उशिरा पोचलो.
इतिवृत्ताच्या तीन वह्या आणि बिस्किटांचा एक डबा
मॉडनं माझ्या हातात कोंबला:
"सगळं यातच आहे. उरलेलं उंदरांनी वाचलंय."

हॅगथ्वेट. आयरिश समुद्रावरून येणारा वारा
इथे कुणाला विचारून येत नाही.
मैदान एका कोपऱ्याकडे सहा फूट कललेलं.
नाणेफेक जिंकणारा आधी चढण मागून घेतो,
छातीत दम आहे तोवर.

पहिली वही.
पानांच्या कडांना लोहखनिजाचे तांबडे अंगठे.
जर्सी पांढऱ्या घेतल्या होत्या, उधारीवर.
ईनिड मॉसॉपनं त्या उकळल्या, आपटल्या,
सोड्यात रात्रभर बुडवून ठेवल्या,
पण कातडीत मुरलेली खाण
दर शनिवारी घामाबरोबर बाहेर येत राहिली.
मार्चमधला ठराव: क्लबचा रंग यापुढे गुलाबी.
मंजूर. विरोधात एक मत.
कुणाचं, ते लिहिलेलं नाही. गावाला माहीत आहे.

सत्तर विरुद्ध शून्य असा एक हिवाळा.
खाली चिटणिसाचा शेरा:
दुसऱ्या अर्धात खेळ सुधारला.

त्याच हंगामात खाणीचे दोन बोगदे बंद पडले,
पोरं ट्रंका घेऊन दक्षिणेला गेली
आणि घरच्या सामन्याला उभे राहिले बाराच.
दुष्काळात तेरावा महिना म्हणतात;
आमच्या दुष्काळात तेरावाच नव्हता.
समोरच्यांनी आपला राखीव गडी उसना दिला,
अँब्रोस किर्कब्राइड, मानेपेक्षा कान मोठे.
पहिलाच टॅकल त्यानं सख्ख्या भावावर घातला.
भावाचं गळ्याजवळचं हाड मोडलं
आणि त्या घरात पुढे सात वर्षं
नाताळचं टेबल एका खुर्चीनं छोटं राहिलं.

इतिवृत्त: उसना खेळाडू परत करणे.
पुढच्या बैठकीत: विषय पुढे ढकलला.
नऊ बैठका ढकलला.
मग निळ्या शाईची एक आडवी रेघ,
कारण जर्सी धुऊन मिळेपर्यंत थांबलेला अँब्रोस
ईनिडच्या थोरलीशी बोलत
धुणं वाळलं तरी थांबून राहिला होता.

माझं आडनाव किर्कब्राइड.
त्या रेघेखाली मी जन्मलो.

दुसऱ्या वहीत मधली सात वर्षं नाहीत.
मॉड म्हणते, एका कडाक्याच्या जानेवारीत
कपडे बदलायच्या खोलीतली शेगडी पेटत नव्हती.
खेळाडूंना ऊब मिळाली; हेही एक प्रकारे नोंदच.

खाण कायमची मिटली त्या वर्षीचा हिशेब मात्र चोख.
प्रत्येक नावापुढे वर्गणी: मिळाली.
खजिनदार नॉरिस बीटीनं आपली शर्यतीची चाळीस कबुतरं
पलीकडच्या खोऱ्यात विकली होती.
आठवड्यात अकरा परत आली.
ती पिंजऱ्यात भरून तो चौदा मैल चालत गेला,
पुन्हा देऊन आला,
आणि परतला तेव्हा त्यातली तीन छपरावर
त्याच्या आधी पोचलेली.

हे पुस्तिकेत कसं मांडायचं?
प्रायोजकाला हवे आहेत चषक.
चषक एकच आहे, त्याचा एक कान निखळलेला,
त्यात मॉड पेनं ठेवते.

आज शनिवार. कललेल्या कोपऱ्यात पाणी साचलंय.
मुलींचा संघ आत्ताच जिंकून
चिखलासकट बसमध्ये चढला, ड्रायव्हर बोंबलतोय.
आता पुरुषांचा सामना.
मी कुंपणाशी वही घेऊन उभा,
वय चोपन्न, उजवा गुडघा हवामान सांगणारा.
मॉड मैदानावर नजर फिरवते, ओठांनी मोजते,
पुन्हा मोजते.

मग वळून माझ्या पायांकडे बघते:
"किर्कब्राइड, तुझा नंबर काय रे?"
मला वाटतं, फोनचा विचारतेय.
"बुटाचा," ती म्हणते.